न पाहिलेलं निघणं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कुत्रंही विचारत नाही. शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर आदल्या दिवशी ज्या फुलांवरून हमरीतुमरी झाली, तीच फुलं सकाळी ढिगानं पडलेली असतात आणि गाई त्यात तोंड घालून उभ्या असतात. त्यांनाही ती फारशी आवडत नाहीत, असं दिसतं. रिटायर झाल्यापासून मी रोज त्या बाजूनं फिरायला जातो. वर्षभर माझं डोकं तसं ठिकाणावर असतं. दसरा सरला, की बिघडतं. सकाळची हवा जरा टोचायला लागते, कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर येतो, आणि मला उगाचच वाटायला लागतं की आपल्याला कुठंतरी निघायचं होतं. सामान बांधून झालं होतं. मग काय झालं? बायकोला विचारलं तर ती म्हणते, "अहो, दूध आणायला निघाला होतात." तेही खरंच असतं.

मी उभा जन्म मोटारीच्या कंपनीत काढला. मोटार कंपनीत साहेब आहे म्हटलं की लोकांना वाटतं, हा गाड्या बनवतो. मी एकही गाडी बनवलेली नाही. पिंपरीला ट्रेनी होतो तेव्हा काही महिने हाताला ग्रीस लागलं असेल, तेवढंच. मग सुपरवायझर झालो, इंजिनीअर झालो, मॅनेजर झालो, सीनियर मॅनेजर झालो, आणि दर बढतीला माझ्यात आणि गाडीत एकेक काच वाढत गेली. शेवटची केबिन तर अशी मिळाली की तिथून सगळी लाईन दिसायची, पण आवाज यायचा नाही. कॉफी पीत मी तिथं उभा राहायचो. खाली माणसं वाकत होती, उठत होती, दारं बसवत होती, आणि मी ह्या सगळ्याचा कोण, हे मला विचारलं असतं तर मी व्हिजिटिंग कार्ड काढून दाखवलं असतं.

रांजणगावचा प्लांट उभा राहिला तेव्हा नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. मी मागून बदली घेतली. आपल्या भागात कंपनी आली, आपण नाही जायचं तर कुणी. फॅमिली डेला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खुटबावहून मुद्दाम घेऊन आलो. डोक्याला लाल पागोटं, अंगात बंडी, आणि वरून कंपनीनं दिलेली पिवळी सेफ्टी टोपी. पागोट्यावर ती बसेना, तेव्हा त्यांनी ती हातात धरली. असेंब्ली लाईनजवळ ते बराच वेळ उभे राहिले.

"ह्या एकामागं एक जात्यात, त्यांस्नी हाकतंय कोण?"

"खाली पट्टा आहे, आबा. तो नेतो."

"मग तू काय करतूस?"

"कुठं अडलं, कुणी मागं पडलं, तर बघतो."

"म्हंजी मेंढरामागचंच काम," असं म्हणून ते समाधानानं पुढं चालायला लागले. माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन आमच्या एचआरलाही कधी जमलं नाही. पण मला त्याचा आनंद व्हावा की वाईट वाटावं, ते काही ठरेना. अजून ठरलेलं नाही.

आम्ही धनगर. आता ऊस लावतो, झेंडू लावतो, गावात पक्कं घर आहे, पण आबांच्या अर्ध्या आयुष्यापर्यंत मेंढरांमागं फिरणं हाच धंदा होता. आमच्यात वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. मेंढरं, घोड्या, कुत्री, घोडीच्या पाठीवर आवळलेलं बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी आणि तान्ही पोरं, असं सगळं मिळून जे चालतं त्याला वाडा म्हणायचं. दसरा झाला की वाडा कोकणाच्या बाजूला निघायचा आणि रोहिण्या लागायच्या आत, पावसाच्या आधी, माघारी यायचा. मी शाळेत हुशार निघालो, तिथं माझी पंचाईत झाली. चौथीपर्यंत आत्याच्या गावच्या शाळेत होतो, पाचवीला मला दौंडला बोर्डिंगात टाकलं. सहामाही परीक्षा नेमकी दसऱ्याच्या मागंपुढं यायची. मी भूगोलाच्या पेपरात घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाटा लिहीत असायचो आणि घरचे त्या वाटांनी चालत असायचे. दिवाळीच्या सुट्टीत घराला कुलूप, मागं राहिलेले आजोबासुद्धा लेकीकडं. मग भीमेच्या काठाला वडगाव रासाईला आत्याकडं जायचं, तिच्या पोरांबरोबर किल्ला करायचा, आणि सुट्टी संपली की पुन्हा बोर्डिंग.

मे महिन्यात मात्र मी वाडा माघारी येताना बघायचो. आधी धूळ दिसायची, मग कुत्री ऐकू यायची, आणि मग आबा. त्यांच्या घोंगडीला लोकरीचा, चुलीच्या धुराचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास यायचा. मी पळत जाऊन कमरेला मिठी मारायचो आणि ते म्हणायचे, "उंच झालास की." म्हणजे आमच्या घराचं येणं मी शाळा संपेपर्यंत दर साल पाहिलं. निघणं, कळत्या वयात, एकदाही नाही. मी नोकरीला लागलो त्या सुमारास आबांनी मेंढरं विकली, बोअर घेतली आणि थोरल्या भावाच्या मदतीनं ऊस लावला. निघणं संपलंच. ते मी पाहिलं नव्हतं याची मला कधी आठवणसुद्धा झाली नाही.

आता गंमत बघा, मोटार कंपनीतसुद्धा दसऱ्याचे दिवस निघण्याचेच. लोकांना दसऱ्याला दारात गाडी हवी असते, म्हणजे आमच्या गेटातून ती आधी निघायला हवी. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी नवरात्रभर नगर रोडला गाड्या भरलेल्या ट्रेलरांची रांग होती. लाईनला उसंत नव्हती. खंडेनवमीला भावानं खुटबावहून पोती भरून झेंडू पाठवला आणि पोरांनी प्रेसपासून रोबोपर्यंत सगळ्यांना हार घातले. बिहारकडची पोरं म्हणाली, "साहब, हमारी विश्वकर्मा पूजा तो पिछले महीने हो गई," आणि पेढे मात्र रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं राहून घेतले. एका रोबोनं मान फिरवली तशी हाराची पाकळी सेन्सरवर पडली आणि सगळी लाईन थांबली. कुणाला कळेना काय झालं. मेन्टेनन्सवाले धावले, मी धावलो, आणि शेवटी ती केशरी पाकळी एकानं फुंकर मारून उडवली. मला वाटतं, त्या अख्ख्या सीझनमध्ये मी तेवढाच मनापासून हसलो.

त्याच संध्याकाळी आमच्या भल्ला साहेबांनी मला बोलावलं. भल्ला साहेब सगळ्या कंपनीचं उत्पादन बघायचे. जाड मिशा, बारीक आवाज. म्हणाले, उत्तरेत डोंगराच्या पायथ्याला नवा प्लांट होतोय, पत्र्याच्या शेडपासून सगळं उभं करायचंय, आणि तिथला प्लांट हेड म्हणून तुझं नाव दिलंय. "प्लांट तुम्हारा, टीम तुम्हारी. दिवाली से पहले पहुँच जाओ." मी चाळिशी ओलांडली होती. ज्या खुर्चीसाठी माणूस ट्रेनी असल्यापासून मान मोडतो, ती ही खुर्ची. नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी तिथल्या तिथं हो म्हणालो. घरी आलो तर सुनंदा, म्हणजे माझी बायको, माझ्याहून खूश. तिनं त्याच रात्री लोणच्याच्या बरण्यांची तोंडं फडक्यानं बांधायला घेतली.

आबांना सांगायला खुटबावला गेलो, तर ते भावाच्या गुऱ्हाळावर बसले होते. काहिलीत रस उकळत होता, धुरानं डोळे चुरचुरत होते. मी शेजारी बसलो आणि सांगितलं.

"लांब हाय का?" आबांनी विचारलं.

"लांब आहे. रेल्वेनं दीड दिवस."

"चांगलं हाय का तिकडं?"

"सगळा प्लांट माझ्या हाताखाली असणार आहे."

"मग जा की," आबा म्हणाले आणि काकवीच्या डब्याला झाकण लावायला लागले. झालं बोलणं. मला वाटलं होतं, काहीतरी विचारतील. आमच्या पोरीच्या शाळेचं, थंडीचं, आम्ही म्हातारी माणसं इथं, असलं काहीतरी. ते काहीच आलं नाही, आणि मी परत येताना न्हावऱ्यापर्यंत विचार करत होतो की हे बरं झालं की वाईट.

कंपनीत निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. मोटार कंपन्यांमध्ये जाणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात, देव जाणे. त्याला निघायला उशीर होतोय असं सुचवायचं असावं. भाषणं झाली, आणि मग सगळे गेटपर्यंत आले. मी गाडीत बसलो. गाडी वळेपर्यंत सगळे हात हलवत होते. मागच्या काचेतून मीही हात हलवत होतो. माणसाला निरोप असाच देतात, अशी वीस वर्षांच्या नोकरीत माझी खात्रीच झालेली होती.

निघायच्या दिवशी आम्ही सकाळी खुटबावला पोचलो. सामान ट्रकनं पुढं गेलं होतं. आईआबांच्या पाया पडायचं आणि तसंच दौंडला जाऊन उत्तरेकडची गाडी पकडायची, असा बेत. अंगणात आई होती. आबा नव्हते.

"आबा कुठायत?"

"रानात गेल्यात."

"आम्ही येणार ते माहीत होतं ना त्यांना?"

"व्हय की. म्हणून तर गेल्यात," आई म्हणाली आणि आमच्या हातावर दही घालायला लागली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. थोडा वेळ थांबलो. पोरगी गोठ्यात वासराशी खेळत होती, ड्रायव्हर घड्याळात बघत होता. आई म्हणाली, "थांबलास कशाला? निघ. गाडी चुकंल." तिचा आवाज नेहमीचाच होता, पण मला तो तुटक वाटला. मग मी बूट घातलेल्या पायानंच रानात गेलो. आबा उसाच्या कडेला उभे होते, पाठमोरे. काही करत नव्हते. विळा नाही, खोरं नाही, नुसते उभे. मी बांधावरून हाक मारली. त्यांचे कान शाबूत होते, लगतच्या वावरात कुणी खोकलं तरी त्यांना कळायचं. त्यांनी मान वळवली नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली तसे ते उसात शिरले. पाचट वाजलं, शेंडे हलले आणि थांबले.

बापानं आपलं तोंड बघायचं नाही असं ठरवलं, याचा दुसरा अर्थ काय होतो? मी तसाच माघारी आलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, शिरूरला चल.

सुनंदा म्हणाली, "अहो, नीट विचारा तरी त्यांना."

"विचारायचं काय? पाठ दिसली."

नदीचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "मला वाटतं, तुम्हालाच जायचं नसेल."

याला काय म्हणावं? तेव्हा मी चिडलो. पण तिचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खरंच, बापाची पाठ बघून कुणी आयुष्यभराची खुर्ची सोडतं का? की मला त्या नव्या जागेची, अनोळखी माणसांची, पत्र्याच्या शेडची भीती वाटत होती आणि मी नाही म्हणायला जागा शोधत होतो? एखाद्या दिवशी वाटतं, हो, तसंच असणार. दुसऱ्या दिवशी मला ते उसाचे हलणारे शेंडे आठवतात, तेव्हा ते खोटं वाटतं. मशीनचं असतं तर मी कारण शोधून काढलं असतं. आम्ही पाच वेळा "का" विचारून बिघाडाच्या मुळाशी जायचो, ती माझी रोजची भाकरी होती. इथं पहिल्याच "का"ला मी अडकतो.

भल्ला साहेबांना फोन केला. म्हणालो, पिताजी नाराज हैं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते हळूच म्हणाले, "आजकल बाप की सुनता कौन है, यार." त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. कंपनीत बातमी पसरली की ह्या माणसानं वडिलांसाठी एवढी मोठी पोस्ट सोडली. लोक माझ्याकडं आदरानं बघायला लागले आणि मी तो आदर घेत राहिलो, कारण तो खरा आहे अशीच माझी समजूत होती. ट्रकनं गेलेलं सामान माघारी आलं. अडचण फक्त एवढीच झाली, की निरोप समारंभ झालेला माणूस सोमवारी पुन्हा कामावर हजर. गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, काही विसरलं का?"

उत्तरेला माझ्या जागी माझा ज्युनिअर गेला. तो पुढं व्हाइस प्रेसिडेंट झाला. आमचा प्लांट चालत राहिला, मीही चालत राहिलो, आणखी एक बढती मिळाली ती वयाची. वाईट काही झालं नाही. पोरगी शिरूरलाच शिकली, पुढं पुण्याला गेली. तो ज्युनिअर अजून भेटला की म्हणतो, "सर, ती तुमचीच खुर्ची होती," आणि मी म्हणतो, "छे छे."

त्या वर्षी दिवाळीला मी खुटबावला गेलो नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस बापावर रुसला होता. घरी फोन नव्हता, भावाकडं होता, पण मी केला नाही आणि भावाला वाटलं, एवढ्या लांबून फोनला पैसे पडतात. सुनंदाचं टुमणं चालू होतं, तरी मार्गशीर्ष उजाडेपर्यंत मी ढिम्म. मग एका रविवारी एकटाच गाडी घेऊन गेलो. ज्वारी पोटरीला आली होती. आबा अंगणात उन्हाला बसून वाखाचं दावं वळत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"कवा आलास तिकडनं?"

"गेलोच नाही, आबा. शिरूरलाच आहे."

"का?"

इतके दिवस जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं विसरलो. मी एवढंच म्हणालो, "तुम्ही तोंड फिरवलंत."

आबा माझ्याकडं बघतच राहिले. राग नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी आईला हाक मारली, "आगं, ह्यो काय म्हणतूय बघ." आई पदराला हात पुसत दारात आली. मग आबा मला सांगायला लागले, लहान पोराला सांगतात तसं.

"वाटंला लागणाऱ्याकडं घरातल्या म्हाताऱ्यानं बघायचं नसतंय. बघितलं की त्याचा पाय मागं वढतू. आमचा वाडा निघायचा तवा माझा बा असाच रानात जाऊन पाठ करून उभा ऱ्हायचा, पार मेंढरं दिसंनाशी हुईस्तवर. आन् म्या हाळी दिली तर बाजरीत नायतर तुरीत शिरायचा. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"नाही."

"आसं कसं म्हाईत न्हाई? आपल्या घरातली रीत हाय."

"कसं म्हाईत असंल?" आई दारातूनच म्हणाली. "तवा त्यो बोर्डिंगात असायचा."

आबांनी दाव्याचा पीळ सोडला, पुन्हा घातला. मग खाली बघत म्हणाले, "किती वर्सांनी आपल्या घरातलं कुणी वाटंला लागत हुतं. म्या पहाटंच अंघुळ करून गेलतो."

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? रीत पाळणाऱ्यावर की रीत न शिकवता शाळेत घालणाऱ्यावर, आणि ती दोन्ही माणसं एकच. आई चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "आता पुन्ना जाता यील का?"

"नाही. दुसरा माणूस गेला."

"हं." त्यांनी दाव्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "म्या तर गावात सांगून बसलोय. पारावर रोज इचारत्यात, पोरगं कसं हाय तिकडं. म्या म्हणतो, बरं हाय, पर थंडी लई हाय म्हणतूय."

चहा झाला. निघताना मी दोघांच्या पाया पडलो. आबा गाडीपर्यंत आले आणि दारावर हात ठेवून, इकडंतिकडं बघून, हळू आवाजात म्हणाले, "पारावरनं जाऊ नगंस. रविवार हाय, समदी बसल्याली असत्याल. मागच्या वाटंनं जा, कॅनॉलच्या कडंनं."

मी कॅनॉलच्या कडेनं गेलो. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंनी ऊस, मधल्या उंचवट्याला गाडीचा तळ घासत होता. थोडं पुढं जाऊन मी आरशात पाहिलं. आबा उसाच्या कोपऱ्यापर्यंत चालत आले होते आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून माझ्याकडं बघत उभे होते. गाडी वळेपर्यंत बघत होते. मी कुठं जातच नव्हतो, त्यामुळं बघायला हरकत नव्हती.